शेरवानीतला पिलात

आमचे भाया देवाला मानायचे, पण देवाची गोष्ट सांगणाऱ्याला त्यांनी कधी सुखानं सांगू दिली न्हाई. भाया म्हंजे माझ्या मालकाचे थोरले भाऊ, सुग्रीव त्यांचं नाव. पुराण सांगायला कोणी आलं की हे अगदी पुढं बसायचे आन् मधीच बोट वर करायचे, "कशावरून?" मारुतीनं डोंगर उचलून आणला म्हणलं, तर ह्यांचा सवाल, की मंग परत नेऊन कोणी ठेवला, आन् त्या डोंगरावर चरणाऱ्या गुरांचं काय झालं. पुराणिकबुवा बिचारे वालूरहून दोन कोस चालत आलेले, ते काय जबाब देणार. गावानं भायांचं नाव कशावरूनराव पाडलं होतं आन् भायांना ते आवडायचं.

चैतात रामाची सोंगं निघाली की हेच भाया दरसाली रावण व्हायचे. नाव सुग्रीव आन् सोंग रावणाचं, लोक हसायचे. भाया म्हणायचे, "सुग्रीवाला बोलायला हाय काय? रावणाला निदान चार सवाल तरी इचारायला मिळतेत."

मी त्या घरातली धाकटी सून, मनकर्णा. भायापुढं तोंड उघडायची आमच्यात रीत न्हाई. मी चुलीपुढं बसून भिंतीशी बोलायचे. "मीठ संपलं म्हणावं," असं म्या भिंतीला सांगायचं, आन् भाया वसरीतून भिंतीलाच म्हणायचे, "आणतो म्हणावं." चौदा वर्सं हा कारभार असाच चालला. म्हणून मी सांगते त्यातलं निम्मं भिंतीआडून ऐकलेलं हाय. पण भिंत मातीची होती आन् भायांचा आवाज रावणाचा, तवा ऐकण्यात चूक व्हायचं कारण न्हाई.

आता आधी पेवाचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. जर्मनची लढाई चालू होती त्या सालात निजाम सरकारनं लेव्ही लावली. गिरदावर, म्हंजे पटवाऱ्याच्या वरचा साहेब, यायचा, बांधावर उभा राहून नुसत्या नजरेनं पीक मापायचा, आन् इतकी जवारी सरकारात घाला म्हणून कागद हातात द्यायचा. पिकलंय किती, घरात खाणारी तोंडं किती, हे शेतकऱ्याला इचारायची पद्धत न्हवती. तवा भायांनी गोठ्यात पेव खांदलं. वर्साच्या पोटापुरती जवारी त्याच्यात घातली, तोंड लिंपलं, वरून शेणानं सारवलं आन् त्याच्यावर कडब्याची गंजी रचली. डोकं भायांचं, खोरं भायांच्या हातात. माझे मालक म्हणत होते, "दादा, राहू द्या. कोणी चुगली केली तर?" भाया म्हणले, "कोण कामून करील?" आन् पंधरा दिवसांत कोणीतरी केली.

पोलिसाचा अमीन दोन शिपाई घेऊन आला तवा भाया वालूरच्या बाजारात होते. कडबा उचकला, पेव सापडलं. अमीनानं इचारलं, पेव कोणाचं? माझे मालक म्हणले, "माझं." झालं. दोन अक्षरात घरातला माणूस गेला. तालुक्याच्या हवालातीत नेऊन बसवला आन् मी दारात हात पुसत उभी राहिले.

सांजच्याला भाया आले. ऐकलं आन् मटकन खाली बसले. मला वाटलं, आता उठतील, फेटा बांधतील आन् तालुक्याला जाऊन सांगतील, की पेव माझं हाय. तसे ते उठले, फेटाबी बांधला, तालुक्यालाबी गेले. पण तिथं सांगितलं काय, तर माझा भाऊ भोळा हाय, त्याला सोडा. पेव कोणी खांदलं त्याचं नाव काढलं न्हाई. जाऊबाई म्हणल्या, "दोघंबी आत गेले तर औत कोण धरील?" जाऊबाई म्हंजे भायांची बायको, चतुराबाई. बोलणं खोटं न्हवतं. पण आत बसलेला माणूस माझा होता. मला लय राग यायचा, आन् भिंतीला रागवून काय मिळतंय?

दर आठ दिवसाला भाया तालुक्याला जायचे आन् "कल आना" ऐकून परत यायचे. माघ गेला, फागुन गेला.

त्याच दिवसांत दिनकरराव मास्तरचं आमच्या वसरीत बसणं वाढलं. दिनकरराव नगरकडचे, येशूच्या धर्माचे. गावाच्या कडंला लेकरांची शाळा चालवायचे, आन् त्यांच्यापाशी औषधाची पेटी होती. हिवतापावरचं कोयनेल घ्यायला सगळं गाव जायचं, पण कोयनेल घेतल्यावर गोष्ट ऐकायला कोणी थांबायचं न्हाई. भाया थांबायचे. गावात मास्तरचं ऐकणारा असा एकच माणूस, आन् तो त्यांचा एक शबूद मानायचा न्हाई. तरी मास्तरला भायाशिवाय करमायचं न्हाई. एकटा माणूस, बोलायला कोणीतरी लागतंच.

मास्तर सांगायचे, "राजानं हुकूम काढला, सगळ्यांची शिरगणती करा. म्हणून योसेफ आपल्या गरोदर बायकोला घेऊन बापजाद्यांच्या गावी निघाला."

"कशावरून?" भाया म्हणायचे. "शिरगणती आमीबी बगितली मास्तर. पटवारी दारात आला, आत डोसकी किती इचारलं, चौकटीवर गेरूनं आकडा टाकला आन् गेला. माणूस जिथं राबायलाय तिथंच सरकार त्याला मोजतंय, कारण सारा तिथंच वसूल करायचा असतोय. सगळ्यायला बापजाद्याच्या गावी धाडलं तर अर्धं राज्य रस्त्यावर येईल. कोणत्या सरकारला हे परवडतंय? मला इचाराल तर, लिहिणाऱ्याला ते लेकरू त्याच गावात जन्माला घालायचं होतं. म्हणून त्या बिचारीला भरल्या पोटी चालायला लावलं."

आतून जाऊबाई म्हणल्या, "ह्ये मातर खरं बोलले." त्यांची चार बाळंतपणं झालेली होती.

मंग ते पूर्वेकडचे शहाणे. ते राजाच्या दारात गेले आन् त्यालाच इचारलं, की नवा राजा जन्माला आलाय, तो कुठं हाय? भाया मांडीवर थाप मारून म्हणले, "ह्यांना शहाणे कोण म्हणलं? उद्या मी हैदराबादेत जाऊन इचारतो, हुजूर, तुमच्या जागी बसणारा नवा निजाम कोणत्या गल्लीत जन्मलाय. माघारी येईन का मी? त्यांनी इचारलं आन् गावातली बारकी लेकरं कापली गेली. शहाणे आपले दुसऱ्या वाटेनं घरी." मास्तरनी चष्मा काढून पुसला. हे त्यांनाबी पहिल्यांदाच सुचलं असावं.

येशूनं एका माणसातली भुतं काढून डुकरांच्या कळपात घातली आन् दोन हजार डुकरं तळ्यात बुडून मेली, हे ऐकल्यावर तर भाया तीन दिवस एकच धरून बसले, की डुकरं कोणाची होती. "भुतं गेली ती चांगलं झालं. पण डुकरवाल्याला कोणी इचारलं का? त्याच्या लेकरांनी त्या साली काय खाल्लं?" मास्तर म्हणले, "पुस्तकात तेवढं दिलेलं नाही." भाया म्हणले, "पुस्तकात मालकाचं कधीच दिलेलं नसतंय."

आन् अंजिराचं झाड. येशूला भूक लागली, झाडापाशी गेला, फळ न्हाई, शाप दिला, झाड वाळलं. पुस्तकातच लिहिलंय म्हणं, की तो अंजिराचा हंगाम न्हवता. भाया ताडकन उठून उभेच राहिले. "हंगाम नसताना मागायचं आन् न्हाई मिळालं की झाडाचं वाटोळं करायचं. ह्यो तर आमचा लेव्हीवाला गिरदावर झाला, मास्तर. तुमच्या येशूला कुणब्याच्या घरात चार वर्सं ठेवायला पाहिजे होतं."

दिनकरराव रागवायचे न्हाईत, हे त्यांचं मानलं पाहिजे. त्यांच्यापाशी एक वही होती. ज्याला जबाब सापडायचा न्हाई तो सवाल त्याच्यात लिहून घ्यायचे आन् म्हणायचे, "नगरला गेलो की मोठ्या पाद्रीसाहेबांना विचारून सांगतो." वही भरत आली होती.

एकदा मास्तरनी नाण्याची गोष्ट सांगितली. लोकांनी येशूला पेचात धरायला इचारलं, राजाला कर द्यावा का न्हाई? द्या म्हणावं तर लोक रागवणार, देऊ नका म्हणावं तर सरकार धरणार. तो म्हणला, नाणं दाखवा. ह्याच्यावर तोंड कोणाचं? राजाचं. मंग राजाचं राजाला द्या, देवाचं देवाला द्या. भायांनी कमरेचा हाली रुपया काढला आन् मास्तरच्या तळहातावर ठेवला. आमच्या निजामाच्या रुपयावर कोणाचंच तोंड नसायचं, चारमिनार असायचा. "आता बोला. आमी कोणाला द्यावं? चारमिनारला?" मास्तरनी आपल्या खिशातला इंग्रजी कळदार काढला, त्याच्यावर इंग्लंडच्या राजाचं तोंड होतं. "हा बघा." भाया म्हणले, "म्हंजे तुमचा येशू कळदारच्या मुलखात चालतोय, हालीच्या मुलखात न्हाई." मास्तर इतके हसले की ठसका लागला, म्या आतून पाणी धाडलं.

पण एक दिवस मास्तर म्हणले, "सुग्रीवराव, बाकी सगळं सोडा. मूळ गोष्ट एवढीच आहे, की पाप आपलं होतं आणि भोगलं त्यानं."

भाया म्हणले, "तेच तर मला पटंना. एकानं करायचं आन् दुसऱ्यानं भोगायचं, ह्यो कुठला इन्साफ झाला?"

एवढं बोलले आन् उठून गोठ्याकडं निघून गेले. आत माझी भाकरी तव्यावर करपली. त्या दिवशी म्या भिंतीलासुद्धा काही सांगितलं न्हाई.

त्या साली रामाच्या सोंगाला सरकारनं इजाजत दिली न्हाई. चार माणसं एका जागी जमायची म्हणलं की सरकारला घाम फुटायचा. गाव लय हिरमुसलं. तवा मास्तरच्या डोक्यात आलं, की आपण येशूच्या वधस्तंभाचा खेळ करावा. पाद्र्याच्या खेळाला सरकार न्हाई म्हणणार न्हाई. तसंच झालं, पण नायब तहसीलदारानं निरोप धाडला, की लेव्हीच्या कामाला तिकडं येणारच हाय, खेळ मी सोता बसून बगणार.

हे कळलं आन् भायांचे डोळे चमकले. मास्तरला म्हणले, "पिलात मी होणार." पिलात म्हंजे रोमच्या बादशानं तिथं नेमलेला सुभेदार, ज्याच्यापुढं येशूला उभं केलं तो. भायांचा बेत साधा होता. मोठं सोंग आपलं, नायब खूश होणार, खेळ संपला की लगेच दरखास्त पुढं करायची. पटवाऱ्याकडून त्यांनी उर्दूत लिहूनबी घेतली, की माझा भाऊ अडाणी हाय, पेवातलं धान्य बियाणाचं होतं, मेहेरबानी करून सोडावा. रातच्याला भिंतीला म्हणले, "बन्सीला आणतोच म्हणावं." म्या म्हणलं, "बरं म्हणावं." म्हणायचं दुसरं लय होतं.

मास्तरनी पिलाताला पांघरायला लाल धाबळी काढली. भायांनी ती हातात धरून इकडून तिकडून बगितली. "सुभेदार धाबळी पांघरून कचेरीत बसतोय का? गुरं राखायला निघालाय का त्यो?" मंग देशमुखाची जुनी काळी शेरवानी मागून आणली, काखेत शिवली, आन् वर गोंड्याची रुमी टोपी. दरखास्त घडी करून शेरवानीच्या खिशात. येशू कोणाला करायचं? तेल्याच्या वैजीनाथाला, कारण गावात लांब केस त्याचेच होते आन् दरसाली सीता तोच व्हायचा. बरब्बा नावाचा एक दरोडेखोर हाय त्या गोष्टीत, त्याला सटवाजी पैलवान.

तालमीत भायांचं मास्तरशी पुन्हा वाजलं. गोष्ट अशी, की सणाला पिलात एक कैदी सोडायचा. त्यानं लोकांना इचारलं, येशूला सोडू का बरब्बाला? लोक म्हणले बरब्बाला. मंग पिलातानं पाणी मागवलं, हात धुतले आन् म्हणला, ह्याच्यात माझा दोष न्हाई.

"सणाला कैदी सोडतेत इथवर मान्य," भाया म्हणले. "आपल्याकडंबी हुजूरच्या सालगिऱ्याला सोडतेत. पण कोणता सोडू म्हणून लोकांना इचारतेत? असं सरकार मला दाखवा, मी बिऱ्हाड घेऊन तिथं राहायला जातो. मास्तर, ह्याच्यात राजकारण हाय. सुळावर चढवलं सरकारनं, खिळे सरकारचे, शिपाई सरकारचे. पण लिहिणाऱ्याला रोमच्या राज्यात राहायचं होतं. म्हणून दोष गर्दीवर ढकलला आन् सुभेदाराचे हात धुवून दिले."

मास्तरनी वही काढली.

खेळ दिवसाउजेडी, तिसऱ्या पहारी ठेवला, कारण लढाईपायी रॉकेल मिळत न्हवतं. चावडीपुढल्या लिंबाखाली सगळं गाव. बाया एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या, मधी खुर्चीवर नायब साहेब. बारीक, पिवळा माणूस, पोटदुखीचा असावा. सारखा पोटावर हात ठेवायचा. बाजूला त्यांचा कारकून, पेशकार.

भाया शेरवानीत बाहेर आले आन् नायबच खुर्चीत ताठ झाला. चालणं त्याचंच, पेशकाराकडं न बगता कागदाला हात पुढं करणं त्याचंच. दोन महिने दर आठ दिवसाला कचेरीच्या दारात उभं राहून भायांनी ते सगळं उचललं होतं. लोक पदर आन् उपरणं तोंडात घालून हसले. नायबबी हसला. भायांचा बेत जमायला लागला होता.

वैजीनाथाला दोरीनं बांधून आणलं. भायांनी सवाल केले, तो काही बोलला न्हाई. मंग भाया पुढं आले आन् रावणाच्या आवाजात इचारलं, "बोला लोक हो, कोणाला सोडू?"

मास्तरनी पाच जण शिकवून ठेवले होते. ते म्हणले, "बरब्बाला!" पण गावाला सोंगं बगायची सवय वेगळी. आमच्याकडं रावणानं गर्दीला काही इचारलं की गर्दी मनापासून जबाब देती. सगळं गाव ओरडलं, "वैजूला सोडा!"

मास्तर पुस्तक घेऊन पळत बाहेर आले. "अहो, तसं नाही, तुम्ही बरब्बा म्हणायचं आहे."

पुढं बसलेले किशनराव म्हातारे म्हणले, "आमी कामून म्हणावं? पोरानं काय केलंय?"

"पण तो सुटला तर पुढं तारण कसं होणार?"

"आधी त्याला तर तारा, मास्तर. आमचं मागून बगू."

सटवाजी पैलवानाला हसू आवरंना. नायबाचं पोट हसून दुखायला लागलं. भायांनी हात वर करून सगळ्यायला गप्प केलं आन् दुसऱ्यांदा इचारलं, "कोणाला सोडू?" पुन्हा तेच, वैजूला सोडा. मंग भाया रंगात आले. टोपी सारखी केली, दोन पावलं पुढं येऊन तिसऱ्यांदा इचारलं, "नीट इचार करा. सरकार पुन्हा इचारणार न्हाई. सांगा, कोणाला सोडू?"

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, तेबी चार बायांनी दार अडवलं तवा. पण समोर शेरवानीत भाया उभे, खिशात ती लबाड दरखास्त, आन् इचारायलेत कोणाला सोडू. माझ्या पोटातून ते आलं, मला कळलंबी न्हाई.

"बन्सीधरला सोडा!"

बाया माझ्याकडं बगायल्या. म्या पदर सारखा केला न्हाई. मंग किशनराव म्हातारे हळूच म्हणले, "व्हय, बन्सीधरला सोडा." आन् मंग सगळं गाव.

नायबाचं हसू गेलं. "ये बन्सीधर कौन है?" पेशकार वाकून म्हणला, "हुजूर, अपनी हवालात में है. पेववाला."

भाया जागच्या जागी थिजले होते. मास्तर घाबरून मागून खुणावायले, पुढं चला, पाणी, पाणी. परात आमच्या घरची, तवा पाणी घालायचं काम जाऊबाईंकडं होतं. त्या परात घेऊन आल्या, तांब्यानं भायांच्या हातावर पाणी घातलं. आता भायांनी म्हणायचं, ह्याच्यात माझा दोष न्हाई. पंधरा दिवस वसरीत घोकलेलं वाक्य, आमच्या लेकरांनासुद्धा पाठ झालं होतं. तांब्या रिकामा झाला तरी वाक्य येईना. मास्तर मागून मोठ्यानं कुजबुजले, "माझा दोष नाही."

भायांनी हात झटकले. टोपी काढून परातीत ठेवली.

"पेव माझं होतं, साहेब. म्या खांदलं. माझ्या भावानं हातसुद्धा लावला न्हाई."

नायबानं मास्तरकडं बगितलं. "ये भी खेल में है क्या?"

"न्हाई साहेब," भाया म्हणले, "ह्ये खेळातलं न्हाई."

नायब बराच वेळ पोटावर हात ठेवून बसला. त्याला हे नको होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण सगळ्या गावासमोर बोललेलं, पेशकारानं ऐकलेलं. शेवटी उठला. भायांना शेरवानीतच शिपायाबरोबर तालुक्याला नेलं. देशमुख मागून ओरडत होता, की निदान शेरवानी तर ठेवून जा. मास्तर गाडीमागं कोसभर चालत गेले. येशूला सुळावर चढवायचं त्या दिवशी राहूनच गेलं. वैजीनाथ आपली दोरी आपणच सोडून घरी गेला.

भाया पाच महिने आत होते. बारीक होऊन आले, पण सवाल कमी झाले न्हाईत. हवालातीतल्या शिपायाला, कैद्यांना, निमाज पढवायला येणाऱ्या मौलवींना, सगळ्यायला त्यांनी "कशावरून" करून सोडलं होतं. ख्रिस्ती ते कधी झाले न्हाईत आन् मास्तरनी त्यांना तसं व्हा म्हणून कधी म्हणलंबी न्हाई. दोघं वसरीत बसायचे, दुसरी वही सुरू झाली. पुढं अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, गावात लोक नाचत आले, स्वराज्य आलं म्हणून. भाया दारात उभे राहून म्हणले, "कशावरून? लेव्ही बंद झाली का?" न्हवती झाली.

पण त्या खेळाच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं.

सांजच्याला माझे मालक सुटून आले. म्या पाय धुवायला पाणी ठेवलं, त्यांनी धुतले न्हाईत. उंबऱ्यावरच बसले, आत येईनात. हवालातीच्या दारात भावाची भेट झाली होती, एक आत जाताना, एक बाहेर येताना.

"नाव तू घेतलंस?"

"व्हय."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच न्हाई."

ते खाली बगत म्हणले, "दोन महिने मी आत कामून बसलो होतो, तुला काय वाटलं? पेव कोणाचं ते मला ठाऊक न्हवतं? आई गेली तवा मी पाच वर्साचा होतो. दादानं मला न्हाऊ घातलं, खाऊ घातलं, आपल्या लग्नाच्या आधी माझं बगितलं. उभ्या जन्मात एकदाच त्यांच्यासाठी काही करायचं माझ्या हाती आलं होतं. ते तू काढून घेतलंस."

मला रडू आलं आन् रागबी आला. म्या म्हणलं, "तुमी दादासाठी बसलात. माझ्यासाठी कोण बसणार होतं?"

दोघं उंबऱ्याच्या दोन अंगाला बसून राहिलो. आतल्या खोलीतून जाऊबाईंचं रडणं ऐकू येत होतं. काल त्यांनी आपल्या हातानं नवऱ्याच्या हातावर पाणी घातलं होतं, आन् आज त्यांचा माणूस आत होता.

म्या डोळे पुसले, मालकाला तिथंच सोडलं, आन् जाऊबाईंपाशी जाऊन बसले.